मागे वळणाऱ्या माना

शके अठराशे अठ्ठेचाळीसचा माघ महिना. थंडी अजून हटली नव्हती. रांजणी नावाच्या गावात दाजीबा नावाचे एक गुरुजी होते. तीस वर्षे त्यांनी तिथली शाळा चालवली होती. दाजीबांच्या हाताखालून गेलेले पोर गणितात हरत नाही, असे पंचक्रोशीत बोलत. गुरुजींना ते ठाऊक होते. जरा जास्तच ठाऊक होते.

त्या संस्थानात शाळा पुष्कळ निघाल्या होत्या आणि मास्तर थोडे होते. ट्रेनिंग कॉलेजातून वर्षाला दहाबारा जण बाहेर पडत. ते डोंगराकडच्या गावांत जायला राजी नसत. म्हणून दरबाराने दुसरी वाट काढली. सातवी पास माणसाने जाणत्या गुरुजींच्या शाळेत दोन वर्षे बसावे, त्यांच्यासमोर शिकवावे आणि शिकवता शिकवता शिकावे. मग शाळा तपासणाऱ्या डिपोटीसाहेबांपुढे एक पाठ द्यावा. पास झाला की त्यालाही सनद. लोक अशांना ‘ओसरीचे मास्तर’ म्हणत.

एक अट मात्र होती. शिष्य तयार आहे असा शब्द गुरूने द्यायचा आणि त्या शब्दापोटी स्वतःची सनद दरबारात ठेवायची. शिष्य तीन वर्षे टिकला की ती परत मिळे. नाही टिकला तर गुरूपुढे दोन वाटा. ‘शिष्यच नालायक’ असे लिहून द्यायचे. मग गुरूला सनद परत आणि शिष्याने घरी जायचे. नाहीतर ‘उणे माझे’ असे लिहून द्यायचे, आपली शाळा सोडायची आणि शिष्याबरोबर राहून त्याची बिघडलेली शाळा उभी करून द्यायची, मगच सनद परत. ही दुसरी वाट आजवर कोणी धरली नव्हती.

दाजीबांच्या शाळेत हैबती नावाचा धनगराचा मुलगा असा बसला होता. कष्टाळू होता. वर्गापुढे उभा राही, गुरुजी मागे घोंगडीवर बसत. हैबती जरा अडखळला की गुरुजी खाकरत, उठत, पुढे येत आणि पाठ पुरा करून टाकत. पोरांना ते इतके सवयीचे झाले की नवा मास्तर थांबला रे थांबला, सगळ्या माना मागे वळत.

माघात डिपोटी आले. हैबतीने बत्तीसातून आठ वजा करायला घेतले. दोनातून आठ जात नाहीत, शेजारून एक उसना घ्या, असे तो म्हणाला. एका पोराने विचारले, “मास्तर, एकच घेतला ना? मग त्याचे दहा कसे झाले?”

हैबती थांबला. माना मागे वळल्या. गुरुजी उठलेच होते. दहा काड्यांची जुडी सोडून त्यांनी अशी काही उकल करून दाखवली की डिपोटींनी मांडीवर थाप मारली.

“वा दाजीबा! गुरू असावा तर असा. शिष्यही तसाच निघणार.”

हैबती पास झाला. संध्याकाळी तो गुरुजींकडे आला. “गुरुजी, अजून एक वर्ष बसतो. मला भरवसा वाटत नाही.”

“खुळा आहेस,” गुरुजी म्हणाले. “मी शब्द दिलाय. माझ्या शब्दावर भरवसा ठेव.”

हैबतीला डोंगरातली पळसवाडी मिळाली. त्या गावचा धंदा पत्रावळींचा. घरोघर पाने टाचत आणि बाजाराला नेत.

दीड वर्ष गेले. श्रावणात डिपोटींचे पत्र आले. पळसवाडीच्या शाळेत एक्केचाळीस मुले होती, ती चौदावर आली होती. गुरुजी संतापून निघाले. चावडीवर राणू पाटील भेटला.

“या गुरुजी. तुमचा मास्तर लई शिकलेला हाय बघा. पोरानं काय इचारलं की गप बसतो, न्हाईतर छडी उचलतो. तिसरं काय त्याला येत न्हाई.”

“पोरं कुठे गेली बाकीची?”

“पानं टाचाय. छडी खाण्यापरीस पानं टाचल्याली बरी. मार खाऊन शानं झालेलं कुनी बघितलंय?”

गुरुजी शाळेच्या दारात जाऊन उभे राहिले. फळ्यावर शंभरातून आठ वजा करायचे होते. ठकू नावाची मुलगी विचारत होती, “मास्तर, शेजारी तर शून्य हाय. ज्याच्याकडं कायच न्हाई, त्याच्याकडनं उसनं काय मागायचं?”

हैबती थांबला. रांजणीत हा प्रश्न कोणी विचारला नव्हता, त्यामुळे गुरुजींचे उत्तरही त्याच्यापाशी नव्हते. त्याचा हात छडीकडे गेला. तेवढ्यात त्याला दारात गुरुजी दिसले. वासराने गाईकडे बघावे तसा तो बघू लागला.

गुरुजींनी त्याला बाहेर बोलावले. “दोन वर्षं शिकवलं तुला. माझं नाव घालवलंस.”

हैबतीने मान खाली घातली नाही. “दोन वर्षांत तुम्ही मला एकदा तरी अडू दिलंत का, गुरुजी? अडल्यावर पुढं काय करायचं, ते मला ठाऊकच नाही. मला मागं बघायचं तेवढं येतं.”

गुरुजी तसेच डिपोटींच्या कचेरीत गेले. कारकुनाने कागद तयारच ठेवला होता.

“‘शिष्य नालायक’ लिहिलंय. सही करा. सगळे हेच करतात.”

गुरुजींनी टाक उचलला. रांजणीची तीस वर्षे त्यांच्या डोळ्यांपुढे आली. सही केली की सनद हातात, शाळा जागच्या जागी, नाव शाबूत. हैबती परत मेंढरांमागे. कोणी काही विचारणार नव्हते. टाकावरची शाई वाळली. त्यांनी टाक पुन्हा दौतीत बुडवला, लिहिलेले खोडले आणि खाली लिहिले, ‘उणे माझे.’

डिपोटी चकित झाले. “अहो, लोक म्हणतील दाजीबांनाच शिकवता येत नव्हतं.”

“खरं तेच म्हणतील.”

रांजणीची शाळा दुसऱ्याला गेली. गावाने आठ दिवस हळहळ केली आणि नव्या मास्तराला शिधा पोचवायला सुरुवात केली.

गुरुजी पळसवाडीत राहिले. हैबती पुढे, गुरुजी मागे घोंगडीवर. जीभ आवरावी म्हणून ते दाढेखाली सुपारीचे खांड धरत. पहिल्या दिवशी हैबती अडला आणि त्याने मागे पाहिले. गुरुजींनी तोंड खिडकीकडे फिरवले. पोरे खदखदा हसली. हैबती घामाघूम झाला. गुरुजींना ते बघवले नाही, पण ते उठले नाहीत. शाळा सुटल्यावर ते एवढेच विचारत, “कुठे अडलास? उद्या काय करशील?” उत्तर सांगत नसत. तीस वर्षांत इतके अवघड काम त्यांनी केले नव्हते.

पावसाळा सरला, उन्हाळाही गेला. एक दिवस शंभरातून आठाचे गणित पुन्हा निघाले. ठकूने तोच प्रश्न विचारला. तिने तो सोडला नव्हता.

हैबती थांबला. छडीकडे त्याने पाहिले नाही. मागेही पाहिले नाही. मग म्हणाला, “ठकू, तुझ्या घरी पत्रावळी कशा बांधता गं?”

“धाची एक जुडी. धा जुड्यांचा भारा.”

“एक भारा आण. त्यातल्या आठ पत्रावळी मला दे.”

ठकूने भारा आणला. भाऱ्याची वाखाची दोरी सोडली, दहा जुड्या झाल्या. एक जुडी सोडली, आठ पत्रावळी मोजून मास्तरांच्या हातात दिल्या. ती खाली बघत राहिली. नऊ जुड्या आणि दोन सुट्या.

“ब्याण्णव!” ती ओरडली. “मास्तर, शेजाऱ्याकडं नसंल तर त्यानं त्याच्या शेजाऱ्याकडनं घ्यायचं!”

गुरुजींच्या तोंडातली सुपारी केव्हाच विरली होती.

शके अठराशे एक्कावन्नच्या माघात डिपोटी आले. वर्गात बत्तीस मुले होती. उरलेली नऊ परत आलीच नाहीत. त्यांतल्या तिघींची लग्ने झाली होती. बाकीची पाने टाचत होती आणि तीच टाचत राहणार होती. हैबतीने पाठ घेतला. मध्ये दोनदा थांबला. एकही मान मागे वळली नाही.

डिपोटींनी सनद परत दिली. गुरुजींनी ती घडी करून कोपरीच्या खिशात घातली, घोंगडी झटकली आणि वाटेला लागले.

तात्पर्य: शिष्याला अडू न देणारा गुरू त्याला शिकवत नसतो, आपले कौतुक करून घेत असतो, आणि त्या कौतुकाची किंमत भलतीच पोरे भरतात.