दोन खाचांचं धनुष्य

भैरवटेक गडाचे किल्लेदार हैबतराव यांना डावखुऱ्यांचा भारी तिटकारा. गडावर चौदा तिरंदाज डावखुरे होते. एके दिवशी हैबतरावांनी फर्मावलं, "धनुष्याला बाण टेकायची खाच एकाच अंगाला असते, तीही उजव्यांच्या सोयीची. डावखुऱ्यांनी परवा गड उतरावा!"

धनुष्यं घडवणारा सखा बुरूड म्हणाला, "सरकार, आधी उद्या माझं काम बघा."

दुसऱ्या दिवशी त्यानं बांबूचं धनुष्य आणलं. मुठीच्या वर दोन्ही अंगांना खाच होती. उजव्या तिरंदाजानं बाण सोडला, तटावरचं मडकं फुटलं. त्याच धनुष्यानं डावखुऱ्यानं दुसरं फोडलं.

हैबतराव भडकले. "मडकी फुटली म्हणून काय झालं? डावा हात अशुभ! शस्त्राला तो लागता कामा नये."

सखानं अदबीनं धनुष्य पुढे केलं. "बरोबर आहे, सरकार. मग आपणच एक शुभ बाण मारून दाखवा. डावा हात तेवढा लावू नका."

किल्लेदारांनी तोऱ्यात उजव्या हातानं दोरी पकडली, आणि धनुष्य पेलायला डावा हात पुढे केला. तो तसाच हवेत थांबला.

गड कुणीच उतरलं नाही.