हत्तीने उघडलेली दुसरी वाट

फार पूर्वी एका रानात बाजाराला जायची एकच वाट होती. ती हत्तीने पाडलेली, म्हणून प्रत्येक टोपलीतला तिसरा हिस्सा तो ठेवून घेई. चिंगी खारीने सिंहाकडे गाऱ्हाणं नेलं. सिंहाने दुसरी वाट उघडायचा हुकूम काढला.

हत्तीने मुकाट्याने वाट उघडली आणि ती बाजारात निघते तिथे पाटी लावली: ‘या वाटेने आलेला माल विषारी असू शकतो.’

चिंगी त्या वाटेने करवंदं घेऊन आली. करवंदं घ्यायला आलेली शेजारची सशीण पाटी वाचून थबकली. “चिंगे, पोरं लहान आहेत गं,” म्हणत निघून गेली.

चिंगी पुन्हा सिंहाकडे गेली.

“वाट उघडलीय ना? मग आता काय?” सिंह म्हणाला.

पाटीखाली बसून चिंगीने सगळी करवंदं एकटीनेच खाल्ली. तिला काहीसुद्धा झालं नाही, पण ते बघायला कुणी थांबलंच नव्हतं.