वडिलांची ना हरकत

कॉलेजच्या ट्यूशन फीचा दाखला मिळाला, तरच वृंदाच्या आईच्या पगारातून कर कमी कापला जाणार होता. वाचलेल्या पैशांत वृंदाची परीक्षा फी भागणार होती. मुदत आज संपत होती आणि ही तिची चौथी खेप होती.

अधीक्षक टोणगावकरांनी अर्ज परत सरकवला. "दाखला आईच्या नावे हवा, तर वडिलांचं ना हरकत पत्र लागतं."

"सर, त्यांचा मृत्यूचा दाखला जोडलाय. तिसऱ्यांदा!"

"ते ठीक आहे गं. पण नियम म्हणजे नियम."

वृंदाने तिथेच अर्जाखाली लिहिलं, "वडिलांनी गेल्या तीन वर्षांत कशालाच हरकत घेतलेली नाही. आपल्याकडे घेतली असल्यास ते पत्र द्यावं. आईला त्यांचं अक्षर बघायचं आहे."

टोणगावकरांनी ते दोनदा वाचलं आणि शिक्का उचलला.