खडकजाईच्या डोणीतलं पाणी

चावडीपुढची ही दगडी डोणी बघितलीत? बाहेरचे लोक तिला गुरांची समजतात. मागे एका पाहुण्याने तिच्यात पाय धुतले, तर गावाने त्यालाच पाणी आणून ती पुन्हा भरायला लावली.

खडकजाईत ग्रामसभा बसली की ज्याला बोलायचं असेल त्याने या डोणीतून ओंजळभर पाणी घ्यायचं. ओंजळीत पाणी आहे तोवर बोलायचं, गळून गेलं की खाली बसायचं. सरपंच असो नाहीतर तहसीलदार, नियम एकच. आणि हातात पाणी असताना खोटं बोलायचं नाही. हे दुसरं जरा जड जातं. काही पुढारी आमच्याकडे सभाच घेत नाहीत, ते त्यामुळेच.

ही रीत ठकूताईंनी पाडली असं सांगतात. पुढे त्या तालुक्याच्या आमदार झाल्या, पण ही गोष्ट घडली तेव्हा त्या नुसत्या ठकू होत्या, परकर खोचून आईमागे नदीला पळणारी पोर.

गावाच्या तेव्हा दोन आळ्या होत्या. वरच्या आळीत खडकातून येणारा बारमाही झरा होता. उरलेलं पाणी पलीकडच्या घळीत पडून वाया जायचं. खालच्या आळीतल्या बाया मात्र उन्हाळाभर नदीच्या वाळूत झिरा उकरायच्या आणि वाटीवाटीने हंडे भरायच्या. मध्ये एक पाट खणला की काम भागणार होतं. पण तो खणायचा की नाही हे चावडीवर ठरायचं, आणि चावडीवर वरच्या आळीचे रंगोजी पाटील बोलायचे.

पाटील माणूस वाईट नव्हता म्हणे. फक्त सुरू झाला की थांबत नसे. पणजोबांनी वाघ मारला तिथून आरंभ व्हायचा. वाघ मरेपर्यंत दुपार कलायची, आणि पाटाचा विषय निघेपर्यंत गुरं घरी परतायची. मग 'बघू पुढच्या बैठकीला' म्हणत सगळे धोतर झटकून उठायचे. असे कैक उन्हाळे गेले.

त्या साली ठकूची आई येसाई गरोदर होती. आदल्या उन्हाळ्यात आळीतलीच एक बाई, भरल्या दिवसांची, हंड्यासकट नदीच्या दरडीवरून घसरली होती. बाई वाचली, मूल गेलं. त्यामुळे आई पाण्याला निघाली की ठकूचा जीव टांगणीला लागायचा. ती आईला एकटी सोडत नसे.

ठकूताई शाळेत शिकल्या ते नंतर, आधी त्या झिऱ्यावर शिकल्या असं जुनी माणसं म्हणत. झिऱ्यावर पाळीवरून भांडणं व्हायचीच. पण बायांची एक रीत होती. भांडणारीने ओंजळीत पाणी घ्यायचं आणि ते गळेपर्यंत आपलं गाऱ्हाणं सांगायचं. खाली हंडा धरलेला असे, म्हणजे थेंबही वाया जात नसे. पाणी हातात घेऊन खोटं कोण बोलणार, आणि गळतं पाणी बघत फाटे तरी कोण फोडणार? हंडा भरायच्या आत भांडण मिटायचं.

एकदा ठकूने आईला विचारलं, "आये, हितं मिटतंय ते चावडीवं का मिटत न्हाई?"

"त्यांच्या हातात पानी न्हाई म्हनून," येसाई म्हणाली आणि वाळू उकरत राहिली.

ठकूने ते मनात धरलं. येसाईचे दिवस भरत आले आणि पुन्हा बैठक बसली, तेव्हा ही पोर झिऱ्याची कळशी कमरेवर घेऊन सरळ चावडीत शिरली. बायकापोरींनी तिथे पाऊल टाकायची पद्धत नव्हती. पण पाटील नुकते वाघापाशी पोचले होते, घसा कोरडा पडला होता.

"आबा, पानी घ्या," ठकू म्हणाली. पाटलांनी विचार न करता ओंजळ पुढे केली, आणि तिथेच फसले. ओंजळ भरून ठकू म्हणाली, "ह्ये झिऱ्याचं पानी हाय. माझ्या आयनं वाळू उकरून काडलंय. तिचे दिस भरल्यात. ह्ये हातात हाय तवर सांगा, पाट खनायचा का न्हाई?"

"आमच्या पणजोबांनी..." पाटील बोलू लागले. थेंब पडत होते. सगळी चावडी थेंबांकडे बघत होती. तेवढ्यात भिंतीआडून पाटलांच्या म्हाताऱ्या आईचा आवाज आला, "रंग्या, पानी गळतंय."

पाटलांना ते पाणी टाकवेना आणि त्यावर खोटंही बोलवेना. शेवटी ते हळूच म्हणाले, "मला भ्या वाटतंय. पानी एकदा खाली ग्येलं, मंग वरच्या आळीला कोन इचारनार?" इतकी वर्षं वाघाआड दडलेलं खरं ते एवढंच होतं. उरलेला घोट त्यांनी तोंडाला लावला. तो गढूळ होता, वाळू दाताखाली आली.

"असलं पानी पिता व्हय तुमी?" त्यांनी विचारलं. आणि मग म्हणाले, "खना पाट."

दोन्ही आळ्यांनी मिळून पाट खणला. येसाईला मुलगा झाला तेव्हा पाणी दारात आलं होतं. बारशाच्या घुगऱ्या खायला पाटील स्वतः गेले. तिथे त्यांनी वाघ काढला, तर ठकूने मुकाट्याने तांब्या पुढे आणून ठेवला. त्याच साली ही डोणी कोरून चावडीपुढे बसवली.

पुढे ठकूताई आमदार झाल्या. गावाला दवाखाना देते म्हणाल्या होत्या. निवडून आल्यावर पहिलं अधिवेशन उरकून सभेला आल्या, हार पडले, आभाराचं भाषण सुरू झालं. तेव्हा थकलेली येसाई काठी टेकत उठली आणि तिने लेकीच्या ओंजळीत डोणीतलं पाणी घातलं. ताई म्हणाल्या, "दवाखाना यंदा हुत न्हाई. म्या कमी पडले. फुडल्या साली परत भांडते." ओंजळ अजून निम्मी भरलेली होती. ती पिऊन त्या आईशेजारी खाली बसल्या. पुढच्या निवडणुकीत खडकजाईचं एकही मत फुटलं नाही म्हणे.

आजही ही डोणी रोज सकाळी पाटाच्या पाण्याने भरतात, एक दिवस वरची आळी, एक दिवस खालची. मी एवढा वेळ बोललो, कारण तुमच्यापैकी कुणाला माझ्या हातावर पाणी घालायचं सुचलं नाही. घाला आता थोडं. हां, बास. रंगोजी पाटील माझे आजोबा. आणि पाणी हातात घेऊन सांगतो, तो वाघ नव्हता. तरस होतं, तेही आधीच मेलेलं.