मैदानाचा तास

त्या राज्यात कुणी कुणाला बांधत नसे. शिंगरू तीन वर्षांचं झालं की त्याने आपलं दावं आपणच निवडायचं, अशी तिथली रीत होती. निवडलेलं दावं समोर टाकलं जाई. शिंगराने दातांनी त्याचा फास करायचा, त्यात मान घालायची आणि एक पाऊल पुढे टाकायचं, की गाठ आपोआप आवळली जाई. राज्य घोड्यांचं होतं आणि या रीतीचा त्यांना भारी अभिमान होता. शेजारपाजारच्या राज्यांत म्हणे मालक असतात, चाबूक असतात. इथे तसलं काही नव्हतं. एखादा घोडा कामावर कुरकुरलाच, तर त्याला एवढंच विचारत, "गाठ कुणी मारली होती रे?" मग तो मुकाट कामाला लागे.

दावी तीन. घाण्याचं, रहाटाचं आणि मैदानाचं. सगळ्यात मान घाण्याला. घोड्यांना घाण्याला जुंपावं हे मुळात कुणाच्या डोक्यातून निघालं, ते कुणाला आठवत नव्हतं. तेल निघे, हे खरं. ते घाणा करकरू नये म्हणून घाण्यालाच घालत. उरलंसुरलं रहाटाला. मैदानाचं दावं ज्यांना दुसरं काही मिळत नसे त्यांच्यासाठी असे, आणि ते घेणाऱ्याच्या घरी लोक समजूत काढायला जात.

कुमैती याच राज्यात जन्मली. तिचा रंग पिकल्या खजुरासारखा, म्हणून हे नाव. तिची आई रहाटावर होती. आईचा घाणा अगदी थोडक्यात हुकला होता, आणि ही गोष्ट ती कधी बोलून दाखवत नसली तरी घरात सगळ्यांना पाठ होती.

दोन वर्षांची झापडशाळा. तिथे एक रिकामा घाणा होता. त्यात ना तीळ, ना करडई; शिंगरांनी तो नुसता फिरवायचा आणि फेऱ्या मोजायच्या. हा सराव. ज्याच्या फेऱ्या जास्त, त्याच्या डोळ्यांना सर्वांसमक्ष झापडं बांधत आणि बाकीच्यांना टाप आपटायला लावत. शिकवायला घाणेमास्तर होते. ते वाईट नव्हते. शिंगरांचं भलं व्हावं असं त्यांना मनापासून वाटे, आणि भलं म्हणजे काय ते त्यांना पक्कं ठाऊक होतं. अडचण असली तर तेवढीच होती.

आठवड्याच्या शेवटच्या दिवशी शेवटचा तास मैदानाचा. मैदान शाळेला लागूनच होतं. मोठं, गुडघाभर गवताचं. पलीकडच्या टोकाला जमीन एकदम उतरत होती आणि त्यापुढे काय आहे ते इथून दिसत नव्हतं. त्या दिवशी दुपारपासूनच शिंगरांचे कान तिकडे वळलेले असत. आणि नेमके तासाच्या आधी घाणेमास्तर फाटकात येऊन उभे राहत.

"फेऱ्या राहिल्यात. आजचा तास मी घेतो. मैदान काय, कुठे पळून जातंय का?"

"घ्या की मास्तर," मैदानमास्तर म्हणत. मैदानमास्तर म्हणजे एक म्हातारं तट्टू. तरुणपणी म्हणे त्यांच्यासारखा धावणारा नव्हता. आता त्यांच्याकडे घंटा वाजवणं, पाहुणे आले की रांगा लावणं आणि फाटकाची कडी, एवढी कामं होती. तास दुसऱ्याने घेतला तरी वेळापत्रकात तो त्यांच्याच नावे असल्यामुळे ते तेवढा वेळ एकटेच मैदानात उभे राहत, आणि तास संपला की स्वतःच घंटा वाजवून बाहेर येत.

आता तास होत नाही म्हणून परीक्षा चुकते असं नाही. धावण्याची परीक्षा दर वर्षी होई. रांगेत उभं राहायचं आणि धावण्याचे दहा फायदे सांगायचे. कुमैतीला दहांपैकी दहा मिळाले. सब्जा नावाचं एक करडं शिंगरू होतं, त्याला सहाच आठवले. उरलेल्या चारांसाठी त्याला पन्नास फेऱ्या जादा पडल्या.

एकदा मात्र घाणेमास्तरांच्या पोटात कळ आली आणि ते घरी गेले. मैदानमास्तर बराच वेळ फाटकापाशी घुटमळले. कडी गंजली होती, ती त्यांनी दातांनी ओढून काढली. शिंगरं आत आली आणि रांगेत उभी राहिली. "अरे, धावा की," मैदानमास्तर म्हणाले, पण म्हणजे नेमकं काय करायचं ते कुणालाच सुचेना. शेवटी सब्जा सुटला. त्याच्यामागे कुमैती.

पहिल्या दहा-वीस टापांत तिचे पाय एकमेकांत अडकले. मग अडकायचे थांबले. गवत पोटाला सपासप लागत होतं, कानांत वारा शिरत होता, आणि आपल्याला चार पाय कशासाठी दिलेत ते तिला न विचारता कळलं. तिला इतका आनंद झाला की तिला रडू आलं. सब्जा मागे पडला. समोर ते टोक, तो उतार, आता जवळ येत होता. अर्धं मैदान झालं असेल नसेल, तोच घंटा झाली. कुमैती जागच्या जागी वळली आणि सगळ्यांत आधी फाटकात परतली, कारण घंटा झाली की परतायचं असतं हे तिच्याइतकं कुणालाच पाठ नव्हतं. सब्जाला तीन हाका माराव्या लागल्या.

त्या दिवसापासून कुमैतीच्या मनात एकच गोष्ट घर करून बसली. त्या टोकापर्यंत जायचं. एकदाच नाही, रोज. मैदानाचं दावं घ्यायचं.

निवडीच्या दिवशी फेऱ्यांची यादी वाचली गेली. कुमैती पहिली. घाणेमास्तरांनी स्वतः तिच्यापुढे घाण्याचं दावं टाकलं. नवंकोरं होतं.

"मास्तर, मला मैदानाचं हवंय," कुमैती म्हणाली.

मास्तर रागावले असते तर बरं झालं असतं. ते रागावले नाहीत. त्यांना वाईट वाटलं. "हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नये, बाळ," ते म्हणाले. "तुझ्यासारखीने मैदान घ्यायचं, तर घाणा कुणी ओढायचा? सब्जाने?" सगळे हसले. सब्जाही हसला. "आणि मी कुठे नाही म्हणतोय? लाख फेऱ्या भरल्या की दावं बदलता येतं. नियमच आहे तसा. तीन वर्षांचा तर प्रश्न. मग धाव की जन्मभर, कोण अडवतंय तुला?"

"लाख फेऱ्या झाल्यावर कुणी बदललंय, मास्तर?"

"कुणी मागितलंच नाही," मास्तर म्हणाले, आणि ते खरं होतं.

विचार करायला दोन दिवस मिळाले. आई म्हणाली, "मी एक अक्षर बोलणार नाही. दावं तुझं, मान तुझी. उगाच उद्या म्हणशील, आईने सांगितलं." आणि खरोखर बोलली नाही. फक्त तिने दोन दिवस चाऱ्याला तोंड लावलं नाही. कुमैतीने विचारलं तर म्हणे, "पोटच बरं नाही गं, तू नको लक्ष देऊस." तिसऱ्या दिवशी सकाळी कुमैतीने घाण्याच्या दाव्याचा फास केला, मान घातली आणि एक पाऊल पुढे टाकलं. गाठ सैल राहिली तर गुण कापतात, म्हणून आणखी अर्धं पाऊल टाकलं. त्या संध्याकाळी आई भरपेट जेवली.

मैदानाचं दावं सब्जाला गेलं. तो एक दिवस खूश होता. मग जो तो भेटून विचारू लागला, "अरेरे, घाणा नाही का रे मिळाला?" पंधरा दिवसांत तो धावायचा थांबला. पुढे घाण्याची पेंड ठेवायला जागा पुरेना, म्हणून मैदानात तिचे ढीग लागू लागले, आणि सब्जाला त्यांच्यावर लक्ष ठेवायला सांगितलं. तो कुंपणापाशी उभा राहून दिवसभर घाण्याकडे बघत असे. पाणी प्यायच्या सुट्टीत एकदा त्याची आणि कुमैतीची गाठ पडली. "तुझं बरं आहे," तो म्हणाला. "तुझंच बरं आहे," कुमैती म्हणाली. दोघंही मनापासून बोलत होते, त्यामुळे बोलणं पुढे गेलं नाही.

घाण्याचा क्रम असा होता. शंभर फेऱ्या झाल्या की थांबायचं. मास्तर विचारत, "या शंभरांतून काय शिकलीस?" उत्तर ठरलेलं होतं: पुढच्या शंभरांची तयारी. ते चुकलं, अडखळत सांगितलं, किंवा सांगताना पाय हलला, तर ते शंभर धरत नसत. पहिल्या वर्षी कुमैतीचे असे कितीतरी शंभर वाया गेले. मग तिने पाय हलवणं सोडलं. तिला झापडं मिळाली होती, मानाची, पितळी काठाची. ती काढायची नसत. त्यांतून समोरचं हातभर दिसे, आणि ते हातभर नेहमी सारखंच असे. लोक तिच्या आईला म्हणत, "तुमची मुलगी बाई अगदी नाकासमोर चालणारी." आईची मान ताठ होई.

दुसऱ्या वर्षी एका दुपारी कुमैती मध्येच थांबली. तिला अचानक भीती वाटली. कशाची, ते तिला सांगता येईना; ती कुठे आहे, फेरीच्या सुरुवातीला की शेवटाला, तेच तिला कळेना. इथून निघायचं, एवढंच डोक्यात होतं. तिने मान वाकवली, वळवली, खांद्यापर्यंत नेली, पण दात गाठीपर्यंत पोचेनात. गाठ मारताना दावं समोर जमिनीवर असतं. गळ्यात पडल्यावर ती गाठ आपल्या दातांना कधीच लागत नाही, हे त्या राज्यात प्रत्येकाला एकदा कळतं, आणि प्रत्येकाला एकट्यालाच कळतं. ती थोडा वेळ तशीच धापा टाकत उभी राहिली. मग मैदानाचं ते टोक आठवून पुन्हा चालू लागली. ते शंभर अर्थात धरले नाहीत.

त्यानंतर ती कधी मध्येच थांबली नाही. प्रत्येक फेरीला मनात म्हणे, एक कमी झाली. टोक तिने मनात इतकं जपलं होतं की तिथल्या उतारावर कोणतं गवत असेल तेही तिने ठरवून टाकलं होतं.

आणि लाख फेऱ्या भरल्या. तीन वर्षांच्या वर चार महिने गेले, पण भरल्या. कुमैतीने मैदानाचं दावं मागितलं. सगळं राज्य चकित झालं. नियम शोधायला आठवडा गेला. तो सापडला, आणि खरोखर तसाच होता. "द्या," घाणेमास्तर म्हणाले. "कष्टाने मिळवलंय पोरीने." त्यांचे डोळे भरून आले होते. आधी म्हटलंच आहे, ते वाईट नव्हते.

ठरलेल्या दिवशी फाटकापाशी गर्दी झाली. मैदानमास्तरांनी पुढे होऊन आपल्या उरल्यासुरल्या दातांनी कुमैतीच्या गळ्यातली गाठ सोडवली. त्याला फार वेळ लागला. मग झापडं काढली. सब्जाने पेंडीचे ढीग बाजूला ओढून मधली जागा मोकळी केली होती. आई फाटकाशी, कुंपणाला टेकून उभी होती. पलीकडचं टोक स्वच्छ दिसत होतं.

"धाव," मैदानमास्तर म्हणाले. "आज घंटा नाही वाजवणार मी."

दोन्ही बाजूंनी एकदम इतका उजेड आला की कुमैतीला तो सोसेना. तिने डोळे गच्च मिटले आणि धावत सुटली. पाय अडकले नाहीत. तीन वर्षं वजन ओढलेले ते पाय, आता त्यांना काही ओढायचं नव्हतं, ते नुसते उडत होते. गवत पोटाला लागत होतं. कानांत वारा होता, अगदी तोच वारा. ती धावत राहिली, आणखी जोरात, आणि मिटल्या डोळ्यांतून पाणी वाहून मागे उडत होतं.

गर्दीला आधी वाटलं, पाय मोकळे करतेय. मग कुजबुज थांबली. घाणेमास्तर सवयीने ओठांतल्या ओठांत मोजू लागले होते; सतरा, अठरा म्हणाले आणि त्यांच्या लक्षात आलं तसे गप्प झाले. सब्जाने तोंड फिरवलं. मैदानमास्तर फाटकाच्या कडीकडे बघत राहिले.

खूप वेळाने कुमैती थांबली. तिची छाती भात्यासारखी हलत होती आणि आयुष्यात कधी नव्हता असा आनंद तिच्या चेहऱ्यावर होता. तिने डोळे किलकिले केले. समोर आई.

"आई?" ती म्हणाली. "अगं, तू एवढ्या लांब कशाला आलीस चालत?"

आईने तिच्या मागे पाहिलं. गवतात एक वाटोळी वाट पडली होती, घाण्याएवढीच, आणि मधलं गवत उभंच्या उभं होतं. आईने मान खाली घातली. मग ती जोरजोरात धापा टाकू लागली.

"हो ना गं," आई म्हणाली. "किती पुढे निघून आलीस तू. दमले बाई मी."