झाकणाच्या आतली खूण

एकदा एका बाजारगावातल्या वृद्ध घड्याळपारख्याकडे एक बाई आली. रुमालात गुंडाळलेले जुने मनगटी घड्याळ पुढे ठेवून म्हणाली, "काका, हे माझ्या वडिलांचंच का, एवढं सांगा. वाद ऐकून थकले मी."

वाद असा होता. वडील वारल्यानंतर घड्याळ बंद पडले. तिच्या नवऱ्याने ते शहरातून दुरुस्त करून आणले. तेव्हा तिचा भाऊ म्हणाला, "दाजींनी अस्सल विकलं आणि दुसरंच आणून दिलं." त्या दिवसापासून बहीणभावांतून विस्तव जात नव्हता. नवरा बिचारा खाली मान घालून जेवायचा.

वृद्धाचे डोळे शिणले होते. "उद्या सांगतो," तो म्हणाला आणि घड्याळ शिष्याकडे देऊन आडवा झाला. "उघडून पुसून ठेव."

शिष्य दिवसभराच्या कामाने आंबला होता, पण हौस दांडगी. त्याने भिंग लावले. तबकडी मूळची, काटे त्याच काळचे, यंत्र त्याच कंपनीचे. मागच्या झाकणाच्या आत मात्र बारीक ओरखडे दिसले. कुणा अडाण्याचा हात लागला असेल, असे म्हणून त्याने झाकण आतून आरशासारखे घासून काढले. गुरूची शाबासकी मिळेल, असे त्या भल्या माणसाला वाटत होते.

सकाळी बाईसमोर वृद्धाने झाकण उघडले आणि आतल्या चकचकीत पत्र्यावरून बोट फिरवले.

"माझे गुरू घड्याळ दुरुस्त केलं की इथे सुईने आपली खूण कोरत," तो म्हणाला. "तुझ्या वडिलांचं घड्याळ त्यांनीच दुरुस्त केलं होतं, ते मला ठाऊक आहे; त्यात ती खूण असणारच. आता ती रीत कुणी पाळत नाही."

शिष्य घाईने पुढे सरसावला. "गुरुजी, आठवतंय मला! खूणच होती ती. आपण हो म्हणून टाकू."

"गरज पडल्यावर आठवलेलं मी साक्षीला घेत नाही," वृद्ध म्हणाला. मग बाईकडे वळला. "पोरी, घड्याळ अस्सल आहे. पण अशी त्या काळी पुष्कळ विकली गेली. हे तुझ्या वडिलांचंच, असं मला आता सांगता येत नाही."

बाईने रुमाल उचलला. तिला रडायचेही त्राण नव्हते.

तेवढ्यात वृद्धाने शिष्याच्या हाती सुई दिली. "तुझं नाव कोर."

"एवढी नासाडी केली, वर माझं नाव?"

"म्हणूनच. हे चकचकीत झाकण तिचा भाऊ पाहील तेव्हा काय म्हणेल? लबाडी लपवायला दाजींनीच आतून घासलं, दुसरं काय! तुझी चूक त्या माणसाच्या माथी जाईल. पुसलं गेलेलं परत आणणं आपल्या हातात नाही. ते कुणी पुसलं, हे दाखवणं आहे."

शिष्याने नाव कोरले. अक्षर वेडेवाकडे आले. वृद्धाने सुई घेतली आणि त्याखाली स्वतःचेही नाव कोरले.

"गुरुजी, तुमचं कशाला?"

"खुणेचं तुला सांगायचं राहिलं. थकलो होतो, पण तो थकवा तिच्या नवऱ्याने का भोगावा? आता जा तिच्याबरोबर."

माहेरच्या ओट्यावर भावाने त्यांना उभेच ठेवले. शिष्याने झाकण उघडून नाव दाखवले. "इथे खूण होती की नाही, ते आता कुणालाच सांगता येणार नाही. हे मी घासलं. यांच्या यजमानांनी नाही."

भावाने घड्याळ कानाला लावले, मग दोन्ही नावे वाचली. आपली चूक सांगायला कुणी एवढ्या लांब पायपीट करत आल्याचे त्याने कधी पाहिले नव्हते. आपण मात्र न पाहिलेल्या गोष्टीची किती खात्री धरली होती, हे त्याला उमगले असावे.

"बस," तो बहिणीला म्हणाला. थोड्या वेळाने घड्याळ तिच्या हातात देत, तिच्याकडे न बघता त्याने विचारले, "दाजींना का नाही आणलंस?"