‘जोडावी’चा अर्थ

शेजारशेजारच्या केबली एकमेकींशी बोलत असत, त्या काळातली ही हकिगत. एका साखर कारखान्याच्या चरात एक म्हातारी केबल होती. तिच्या शेजारी नवी केबल आली. दोघींच्या अंगावर, वरच्या सालीखाली, तांब्याची पट्टी गुंडाळलेली होती आणि ती पट्टी एका वायरीने जमिनीशी जोडलेली होती.

नवी कुरकुरली, “आजी, वीज तर माझ्या गाभ्यातून जाते. मग ह्या पट्टीला जमिनीशी कशाला बांधायचं? नियमात नुसतं ‘जोडावी’ लिहिलंय, ‘जोडलीच पाहिजे’ असं कुठे आहे?”

“आमचे साहेबही असंच म्हणाले होते,” म्हातारी म्हणाली. “तेव्हा हैबतराव वायरमन होते. रोज सकाळी फडक्याने आम्हाला पुसायचे आणि पुसता पुसता भजन गुणगुणायचे. फार गोड दिवस होते ते. साहेबांनी माझी पट्टी मोकळीच ठेवायला सांगितली. गाभ्यातल्या विजेचा दाब तिच्यावर चढला. एके दिवशी टोकाशी, जिथे साल सोललेली असते, तिथे हैबतरावांचा हात तिला लागला.”

“मग?”

“जीव वाचला. पण उजव्या हाताची बोटं पुन्हा वळली नाहीत. ते गावी निघून गेले. माझी पट्टी त्याच दिवशी जोडली, पण भजन काही पुन्हा ऐकू आलं नाही.”

दुपारी नवा वायरमन तपासणीला आला. टोकाशी चाचपताना त्याचा हात नवीच्या पट्टीला लागला. त्याला काहीच झालं नाही.